डिझेलवरील कर आणि क्विंटलमागील भाडे

4 नोव्हेंबर 2021 रोजी, ऐन दिवाळीत, केंद्र सरकारने डिझेलवरील अबकारी कर लिटरमागे 10 रुपयांनी उतरविला. त्यानंतर इंदूरहून बेळगावास आलेला आमचा गव्हाचा ट्रक मात्र जुन्याच भाड्याने आला.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. अंतर अदमासे 1000 किलोमीटर. लिटरला 4 किलोमीटर धरता डिझेल 250 लिटर. बचत 2500 रुपये. माल 250 क्विंटल, म्हणजे क्विंटलमागे 10 रुपये. ठोक धान्यात आमचा नफा पुष्कळदा इतकाही सुटत नाही! वाहतूकदार म्हणाला, "शेठजी, टायर नि टोल स्वस्त झाले काय?" त्याचेही अगदीच खोटे नव्हते. परंतु जून 2024 मध्ये कर्नाटकाने डिझेलवरील विक्रीकर 14.34 वरून 18.44 टक्क्यांवर नेला, तेव्हा वाढीव भाड्याची मागणी लागलीच आली. वस्तुतः या वाटेचा मोठा भाग महाराष्ट्रातून जातो.

रेल्वेचे भाडे असे कराबरोबर हलत नाही. तिची बहुतेक इंजिने आता विजेवर चालतात. पण मालगाडीने धान्य आणावयाचे तर बहुधा अख्खी गाडी भरावी लागते. एका दुकानाचे ते काम नव्हे. शिवाय स्टेशनापासून गोदामापर्यंत पुन्हा ट्रक व हमाली आहेच.

त्या दिवाळीत मीही गव्हाचा भाव उतरविला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. हल्ली प्रत्येक बिल्टीवर त्या दिवसाचा डिझेलदर लिहून घेतो.