दुसरा दोर, दुसरा आधार

आंब्यावरचं बांडगूळ काढायचं म्हणजे झाडाच्या सगळ्यात अशक्त फांदीपाशी जायचं. बांडगूळ रुजतं तिथं फांदीला गाठ येते आणि पुढचा भाग वाळत जातो. कोकणातला गडी कमरेला कोयता लावून तिथवर पोचतो. सोबत दोर असलाच, तर तो बहुधा तोडलेली फांदी खाली सोडण्यासाठी असतो. माणसाला धरून ठेवणारा दोर क्वचितच दिसतो, आणि दुसरा तर कुणी मागतही नाही.

ब्रिटनमध्ये 2005 साली उंचीवरच्या कामाचे नियम लागू झाले. दोरावर लटकून काम करणाऱ्याला किमान दोन दोर हवेत, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. एक कामाचा, दुसरा सुरक्षेचा. दुसऱ्या दोरामुळे धोका उलट वाढतो असं आधी तपासून ठरलं, तरच एका दोराची सवलत. झाडांवर काम करणारे बरीच वर्षं या सवलतीवरच चालले. शेवटी 2019 मध्ये तिथल्या सरकारी सुरक्षा यंत्रणेनं कान पिळले आणि 2020 मध्ये झाडकामाची आचारसंहिता त्याप्रमाणे बदलली.

विरोध झाला, आणि त्यात तथ्यही होतं. इमारतीच्या सरळ भिंतीवर दोन दोर गुमान लोंबतात. झाडात ते फांद्यांना अडकतात, एकमेकांत गुंततात, करवतीच्या वाटेत येतात. सरावाला वेळ लागतो. तरीही मला नियमाची बाजू पटते. झाडकामाचा चांगला दोर दोन टनांहून जास्त भार सोसतो, तो सहसा आपणहून तुटत नाही. दगा देते ती फांदी. आतून बुरशीनं पोखरलेलं खोड बाहेरून हिरवंगार दिसतं. दोन फांद्यांच्या बेचक्यात साल दबलेली असली तर ते बेचकं वजनाखाली उभं फाटतं. शेवगा, जांभूळ, पांगारा यांचा ठिसूळपणा तर आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. शिवाय ताणलेल्या दोराला चालू करवतीचा नुसता स्पर्श पुरतो.

म्हणून दोन दोर एकाच बेचक्यात टाकले तर आधार एकच राहतो. दुसरा आधार वेगळ्या, जाड, जिवंत फांदीवर हवा, आणि चढण्याआधी दोघांनी खालून लोंबकळून दोन्ही आधार पारखायला हवेत. तो फार बाजूलाही नको, नाहीतर पहिला सुटताच माणूस झोका घेऊन खोडावर आपटतो. सुरक्षेच्या दोरात ढील ठेवू नये. जितकी ढील, तितका हिसका मोठा.

दुसऱ्या दोराचा खरा उपयोग आधार बदलताना कळतो. एकाच दोरावरचा माणूस तो सोडवून वरच्या फांदीवर टाकतो, तेव्हा फक्त हातापायांच्या भरवशावर असतो. दोन असले की एक बदलताना दुसरा धरून असतो. कापताना कमरेचा छोटा पट्टाही खोडाभोवती हवा. करवत चालवायची तर त्या पट्ट्यात तारेचा गाभा असलेला बरा.

माडाचं गणित निराळं. त्याला फांदीच नाही, आणि पिकली झावळी हात लावताच सुटते. तिथं सगळे आधार खोडाभोवतीच घ्यावे लागतात. केरळातलं माडावर चढायचं चेंबेरी यंत्र तारेच्या दोन वेढ्यांवर चालतं, पण पाय वेढ्यांत असले तरी हात सुटला की माणूस मागे कलंडतो. कासारगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेनं या यंत्राला वेगळी सुरक्षा जोडणी बसवली ती याचसाठी. नारळ विकास मंडळ 2011 पासून यंत्रानं चढण्याचं प्रशिक्षण देतं. खोडात खाचा पाडून चढण्यापेक्षा हे माडालाही बरं, कारण जखमेतून सोंड्या भुंगा शिरतो.

खाली उभा राहणाऱ्यालाही चढता यायला हवं. वर जखमी झालेला माणूस हार्नेसमध्ये, म्हणजे अंगाला बांधलेल्या पट्ट्यांत, निश्चल लटकत राहिला, तर काही मिनिटांतच जिवावर बेतू शकतं. अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका वेळ नसतो.

हे सगळं सामान गड्यानं आपल्या मजुरीतून आणावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. बागेचा फवारणी पंप बागायतदार घेतो. दोन दोर, हार्नेस आणि शिकण्याच्या दिवसांची मजुरी हा खर्चही त्याचाच आहे.