जिन्यातली दोन चित्रं

पोलंडमधल्या क्शिझोवा गावातल्या वाड्याच्या जिन्यात दोन मोठी भित्तिचित्रं आहेत. एकात १८०६ सालचं ल्यूबेक, नेपोलियनचे सैनिक लूट करताहेत. दुसऱ्यात १८७१ सालचं पॅरिस, जर्मन फौजा थाटात शहरात शिरताहेत. आधी लूट, मग तिची सव्याज परतफेड.

व्रोत्स्वाफपासून साठेक किलोमीटरवरचं हे शेतकरी गाव तेव्हा जर्मनीत होतं, नाव क्रायझाऊ. ऑस्ट्रियावरच्या विजयाबद्दल मिळालेल्या बक्षिसातून प्रशियाचे सेनापती हेल्मुट फॉन मोल्टके यांनी १८६७ मध्ये हा वाडा आणि जमीनजुमला घेतला.

याच घराण्यातला हेल्मुट जेम्स वकील झाला. हिटलरच्या काळात तो लष्कराच्या गुप्तचर खात्यात आंतरराष्ट्रीय कायद्याचा जाणकार म्हणून काम करत होता. वाड्याजवळच्या टेकाडावरच्या साध्या घरात त्याने १९४२-४३ मध्ये तीन गुप्त बैठका भरवल्या. पाद्री, समाजवादी, जमीनदार एकत्र बसले. विषय एकच: नाझी गेल्यावर देश कसा उभा करायचा? २३ जानेवारी १९४५ रोजी त्याला बर्लिनमध्ये फाशी झाली. त्याची पत्रं पत्नी फ्रेयाने मधमाश्यांच्या पेट्यांत लपवली, म्हणून ती वाचली.

युद्धानंतर गाव पोलंडकडे आलं. जर्मन कुटुंबांना घरं सोडावी लागली. त्यांच्या जागी आलेल्या पोलिश कुटुंबांतली कित्येक स्वतःच पूर्वेकडून उठवलेली होती. वाड्याच्या आवारात सरकारी शेती सुरू झाली आणि वाडा ढासळत गेला.

नोव्हेंबर १९८९. जर्मन चान्सलर हेल्मुट कोल पोलंडच्या दौऱ्यावर असतानाच बर्लिनची भिंत कोसळली. दौरा थांबवून ते बर्लिनला गेले आणि परतही आले. १२ तारखेला याच पडक्या वाड्यापुढे बिशप आल्फोन्स नोसोल यांनी मिस्सा अर्पण केली. एकमेकांना शांती देण्याची वेळ आली, तेव्हा कोल आणि पोलंडचे पंतप्रधान तादेउश माझोव्येत्स्की यांनी एकमेकांना मिठी मारली.

मिठी क्षणाची, पुढचं काम चिकाटीचं. १९९० मध्ये इथे संस्था स्थापन झाली, गोठे-कोठारांची डागडुजी झाली, १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय युवा केंद्र उघडलं. आता जर्मन, पोलिश आणि इतर देशांतली मुलं इथे एकत्र राहतात, एका पंगतीत जेवतात.

जिन्यातली चित्रं मात्र कुणी पुसली नाहीत. पायऱ्या चढणारा कुठल्याही देशाचा असो, त्याला लूटही दिसते आणि तिची परतफेडही. मिठीचं चित्र तिथे नाही. ती बाहेर, अंगणात झाली.