प्लास्टिकचे गांडूळ का फाटते?

गळाने मासे पकडायचे तर आमिष हवे. आपल्याकडे ओढ्याकाठी गळ टाकून बसणारी मुले ओली माती उकरून गांडूळ काढतात, नाहीतर कणकेची गोळी लावतात. अमेरिकेत बॅस नावाच्या गोड्या पाण्यातील माशाच्या मागे लागलेले हौशी मासेमार मात्र गेली पाऊणशे वर्षे प्लास्टिकची गांडुळे वापरत आले आहेत. करंगळीएवढे जाड, चार ते आठ इंच लांब आणि हातात धरले तर लिबलिबीत लागणारे हे गांडूळ माशाला उत्तम फसवते, पण फार टिकत नाही. दोन-तीन मासे लागले की ते फाटते. कधी कधी तर एकही मासा न लागता, नुसते पुन्हा पुन्हा फेकूनच त्याचे दोन तुकडे होतात. ते जास्त टिकावे म्हणून मासेमारांनी नाना युक्त्या शोधून काढल्या आहेत. त्यांपैकी बहुतेकांनी पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडलेले नसते; पण युक्त्या पाहिल्या तर त्यांत दाब, क्षेत्रफळ, विसरण आणि बहुवारिकांचे रसायन असे सगळे सापडते. म्हणूनच शिक्षकांनी हा विषय पाहावा असे आम्हाला वाटते.

पहिला प्रश्न असा, की गांडूळ मुळात इतके मऊ करायचेच कशाला? थोडे घट्ट केले तर टिकेल की! अडचण माशाची आहे. रुंद जबड्याचा बॅस भक्ष्य चावून धरत नाही. तो तोंड एकदम मोठे उघडतो आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर भक्ष्य आत ओढून घेतो. तोंडात आलेली वस्तू कठीण लागली तर तो तितक्याच झटकन ती बाहेर टाकतो. मऊ लागली तर थोडा वेळ धरून ठेवतो, आणि तेवढ्या अवधीत मासेमाराला झटका देऊन गळ रुतवता येतो. शिवाय मऊ गांडूळच पाण्यात नैसर्गिकपणे वळवळते. तेव्हा मऊपणा सोडून चालत नाही.

हा मऊपणा येतो कुठून? या गांडुळांचे प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, म्हणजेच पॉलिव्हिनाइल क्लोराइड. ज्याचे कडक पाण्याचे पाइप बनतात तेच. १९२६ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी, गुडरिच या रबर कंपनीत काम करणारे वाल्डो सीमन हे रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवण्यासाठी काही सापडते का ते पाहत होते. त्यांनी पीव्हीसी एका चटकन न उकळणाऱ्या द्रवात तापवले. थंड झाल्यावर चिकटद्रव्य मिळाले नाही. मिळाला रबरासारखा लवचीक गोळा. रेनकोट, रेक्झिन, विजेच्या तारांवरचे वेष्टण हा सगळा मऊ पीव्हीसीचा संसार तेथून सुरू झाला. योगायोग असा, की याच ॲक्रन गावात १९४९ साली निक क्रीम आणि त्यांच्या पत्नी कॉस्मा यांनी खऱ्या गांडुळावरून साचा करून प्लास्टिकचे गांडूळ तयार केले आणि ते विकायला काढले. पुढे त्यांचा व्यवसाय टेक्सास राज्यातील टायलर गावी गेला.

पीव्हीसीमध्ये जो द्रव मिसळतात त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. कोरड्या शेवयांची जुडी आठवा. वाकवली की कडकन मोडते. त्याच शेवया दुधात शिजल्या की एकमेकींवरून घसरू लागतात. पीव्हीसीच्या लांब साखळ्यांचे तसेच आहे. प्लास्टिसायझरचे छोटे रेणू त्यांच्यामध्ये शिरतात, साखळ्यांची एकमेकींवरची पकड सैल करतात आणि पदार्थ मऊ होतो. खिरीपेक्षा फरक एवढाच, की येथे काही थोड्या ठिकाणी साखळ्या एकमेकींना घट्ट धरून राहतात. या गाठींमुळे गांडूळ वाहून जात नाही, आकार धरून राहते. तयार करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. पीव्हीसीची बारीक पूड प्लास्टिसायझरमध्ये कालवली की दुधासारखा पांढरा द्रव होतो. तो सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की आधी घट्ट होतो, मग पातळ आणि पारदर्शक होतो. साच्यात ओतून थंड केला की गांडूळ तयार.

नेहमीच्या मऊ प्लास्टिकच्या मानाने गांडुळात प्लास्टिसायझर पुष्कळच जास्त असतो. पीव्हीसी कमी, द्रव जास्त. म्हणजे मासेमार विकत घेतो ती वस्तू बव्हंशी प्लास्टिकच्या सांगाड्यात अडकवलेले तेल असते! द्रव वाढवला की गांडूळ अधिक वळवळते, पण प्रत्येक चौरस मिलिमीटरमधून जाणाऱ्या साखळ्या आणि गाठी कमी होतात, आणि ते लवकर फाटते. त्यात भर मिठाची. अनेक गांडुळांत मीठ घालतात. खारट चवीमुळे मासा ते जास्त वेळ धरतो असे मासेमार सांगतात. चवीचे काही असो, वजनाचे मात्र नक्की: मिठाची घनता पाण्याच्या दुपटीहून जास्त असल्याने गांडूळ वेगळे शिसे न लावताही सावकाश बुडते आणि बुडताना दोन्ही टोके हलवते. पण मिठाचा कण पीव्हीसीला चिकटत नाही. प्रत्येक कण म्हणजे आतली एक पोकळीच. सर्वांत मोहक गांडूळ सर्वांत तकलादू का, याचे उत्तर येथे आहे.

आता फाटण्याकडे वळू. शाम्पूची पुडी हाताने फाडायला गेलो तर फाटत नाही, पण कडेला छोटी खाच असली की सहज फाटते. पुडीचे प्लास्टिक दोन्ही वेळा तेच. खाचेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि चीर तेथून पुढे सरकते. ताणलेल्या पातळ पत्र्यात नुसते गोल भोक असले तरी त्याच्या कडेशी ताण तिप्पट होतो. भोक जितके चिरेसारखे अरुंद, तितका जास्त. गळाची टोकदार तार गांडुळात घुसते तेव्हा ती हीच खाच तयार करून देते.

थोडा हिशेब करू. समजा, गांडूळ १० ग्रॅम वजनाचे आहे आणि फेकताना काठीच्या झटक्याने ते एक दशांश सेकंदात सेकंदाला १० मीटर या वेगावर पोहोचते. त्वरण झाले १०० मीटर प्रतिसेकंद वर्ग, आणि बल १ न्यूटन. गळाची तार १ मिलिमीटर जाड आणि गांडूळ १० मिलिमीटर जाड असेल तर हे बल १० चौरस मिलिमीटरवर येते, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम वजन ठेवल्यासारखे. लिबलिबीत पदार्थाला हे थोडे नाही, आणि दिवसभरात असे शेकडो झटके बसतात. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. तारेची जाडी दुप्पट केली तर काय होईल हेही विचारावे.

यावरची सर्वांत साधी युक्ती आम्हाला सर्वांत सुंदर वाटते. गळ गांडुळाच्या मध्यातून आरपार घालायची एक पद्धत आहे. त्यात गांडूळ छान वळवळते, पण पटकन तुटते. कोणीतरी नळाच्या वॉशरसारखे रबराचे छोटे कडे गांडुळाच्या कमरेला चढवले आणि गळ गांडुळातून न घालता या कड्याखालून घातला. झाले! भोकच नाही, म्हणजे खाच नाही, आणि ओढ अंगाभोवती वाटली जाते. काहीजण दोन कडी फुलीसारखी चढवतात, म्हणजे गळ आडवा उभा राहतो.

वर्गात हे दाखवायला गळ नको. चायनाग्रासची घट्टशी वडी करंगळीएवढ्या जाड कांडीच्या आकारात थापावी. एका कांडीच्या मधोमध सुईने दोरा ओवून त्या दोऱ्याने ती उचलावी. दुसरी कांडी कागदाच्या बोटभर रुंद पट्टीच्या झोळीत घालून उचलावी. दोन्ही हळूहळू हिसकत जावे आणि कोणती आधी तुटते ते पाहावे. तिसऱ्या कांडीत साखरेचे जाड दाणे मिसळून पाहायलाही हरकत नाही.

ज्या पद्धतीत गळ नाकातून घालून टोक पुन्हा अंगात लपवतात, म्हणजे पाणवनस्पतींत अडकत नाही, त्यात कडे उपयोगी नाही. तेथे नाक फाटते. मग नाकात स्प्रिंगसारखी तार पिळून बसवतात आणि तिला गळ अडकवतात. मळसूत्रामुळे ओढ अनेक वेढ्यांवर विभागते. तेही नसेल तर फाटलेले अर्धा इंच नाक तोडून पुढचा भाग वापरायचा, नाहीतर गांडूळ उलटे लावायचे. माशाला त्याचे काही वाटत नाही.

फाटलेले जोडायचे कसे? बहुतेकांच्या पेटीत झटपट चिकटणारा डिंक असतो, आपल्याकडचा फेविक्विक ज्या जातीचा त्याच जातीचा: सायनोॲक्रिलेट. हा पदार्थ १९४२ साली हॅरी कूव्हर यांच्या हाती लागला तेव्हा सगळ्यालाच चिकटतो म्हणून बाजूला टाकला गेला. १९५१ मध्ये त्याचे महत्त्व लक्षात आले आणि १९५८ पासून तो बाजारात आला. हवेतील ओलाव्याच्या स्पर्शाने त्याचे रेणू साखळीने जोडले जातात. ओलावा हवा, पण थोडा. गांडूळ ओले आणि माशाच्या बुळबुळीने माखलेले असेल तर डिंक वरच्यावर गोठतो आणि पापुद्रा निघून येतो. म्हणून आधी ते पुसून कोरडे करावे लागते. थेंबही एकच पुरे. हा डिंक वाळल्यावर कडक होतो. जास्त लावला तर कडक आणि मऊ भागांच्या सीमेवर ताण एकवटतो आणि नवी चीर तेथूनच निघते. काहीजण तापवलेल्या पात्याने चिरेच्या दोन्ही कडा वितळवून एकमेकींना दाबतात. पीव्हीसी तापवले की मऊ होते, म्हणून हे जमते. आणि जोड मूळ पदार्थाइतकाच मऊ राहतो.

सगळी गांडुळे गळावरच खराब होतात असे नाही. पुष्कळशी पेटीत पडून खराब होतात. याचा नमुना प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला असेल. कंपासपेटीत खोडरबर आणि प्लास्टिकची पट्टी महिनोन् महिने एकत्र राहिली की खोडरबर पट्टीला चिकटते आणि ओढून काढले तर पट्टीवर खळगा दिसतो. जणू पट्टी वितळली! पांढरी, गुळगुळीत खोडरबरे बहुधा रबराची नसतात. तीही मऊ पीव्हीसीचीच. प्लास्टिसायझर साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, तो नुसता मध्ये राहत असतो. शेजारी पॉलिस्टायरीनसारखे प्लास्टिक आले की तो हळूहळू त्यात विसरतो आणि त्याला मऊ करतो. चांगल्या खोडरबराला कागदी वेष्टण असते ते यासाठीही. खोडरबराचे दोन तुकडे पॉलिस्टायरीनच्या पट्टीवर, एकाखाली कागद घालून, वर वजन देऊन उबदार जागी काही आठवडे ठेवले तर मुलांना हे प्रत्यक्ष दिसेल. शेजारी पॉलिथिनच्या डब्याचे झाकणही ठेवावे. त्याच्यावर असा परिणाम होत नाही.

मासेमारांची मऊ गांडुळे कठीण प्लास्टिकच्या चुकीच्या पेटीत ठेवली की पेटी वितळते आणि गांडूळ आक्रसते. काळी आणि पांढरी गांडुळे एकत्र ठेवली तर रंगही द्रवाबरोबर प्रवास करतो. उन्हात उभ्या मोटारीत हे सगळे वेगाने घडते. म्हणून ज्या पिशवीतून आणले त्याच पिशवीत, सरळ आणि सावलीत ठेवावे. दुमडून राहिल्याने वाकडे झालेले गांडूळ गरम पाण्यात क्षणभर बुडवून सरळ टांगले की ताठ होते.

अलीकडे पीव्हीसीऐवजी लवचीक रबरासारख्या वेगळ्या बहुवारिकाची आमिषेही मिळतात. त्यांतील साखळीची दोन्ही टोके कडक आणि मधला भाग रबरासारखा असतो. कडक टोके एकत्र येऊन गाठी करतात, त्यामुळे आमिष अनेक पट ताणले तरी तुटत नाही. ही आमिषे पीव्हीसीच्या गांडुळांबरोबर एका पिशवीत ठेवली, की दोन्हींचा मिळून चिकट लगदा होतो.

हा सगळा खटाटोप पैसे वाचवण्यासाठी, असे वाटणे साहजिक आहे. पण तुटलेले गांडूळ जाते कुठे? बरेचदा तळ्यातच. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या चार्ल्स्टन सरोवरात संशोधकांनी पाण्यात उतरून पाहणी केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजानुसार किनाऱ्याच्या दर किलोमीटरमागे वर्षाला सुमारे ८० पर्यंत अशी आमिषे तळाशी जमा होत असावीत. प्रयोगशाळेत पाण्यात ठेवलेली आमिषे फुगलीही. मात्र आमिष पोटात सापडलेल्या माशांचे प्रमाण मासेमार सांगत होते त्यापेक्षा बरेच कमी निघाले. त्याआधी २००९ मध्ये, मेन राज्यातील प्रयोगात ब्रुक ट्राउट माशांनी टाकलेली मऊ आमिषे आपण होऊन गिळली आणि तीन महिन्यांत त्यांचे वजन घटले. २०१३ साली याच राज्याच्या विधिमंडळात अशा आमिषांवर बंदी घालणारे विधेयक आले, पण बंदी झाली नाही. आमच्या मते बंदीपेक्षा ते रबरी कडे अधिक काम करील, कारण ते मासेमाराच्या स्वतःच्या फायद्याचे आहे.

काही मासेमार फाटकी गांडुळे बरणीत साठवतात आणि पुन्हा वितळवून नवी ओततात. वर्गात किंवा घरच्या स्वयंपाकघरात मात्र हा प्रयोग करू नये. पीव्हीसी प्रमाणाबाहेर तापले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आणि ओलाव्याशी मिळून त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. ते डोळ्यांत आणि घशात झोंबते. चायनाग्रासच्या कांड्या त्या दृष्टीने बऱ्या. प्रयोग संपल्यावर साखरेची कांडी कोणी खायची एवढाच प्रश्न उरतो.