अस्वल आणि शिदोरी

अरण्यात तंबू ठोकून राहणाऱ्या मनुष्यास अस्वलाची धास्ती वाटणे स्वाभाविक असले, तरी त्या संकटाचे मूळ श्वापदाच्या क्रौर्यापेक्षा मनुष्याच्याच हलगर्जीपणात अधिक असते, याची साक्ष अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा इतिहास देतो. १८७२ साली स्थापन झालेल्या या उद्यानात उपाहारगृहांचे उष्टेखरकटे उघड्यावर टाकले जाई, त्यावर तुटून पडणाऱ्या अस्वलांची मौज प्रेक्षक बाकांवर बसून पाहत, आणि रस्त्याच्या कडेला मोटारी थांबवून त्यांना खाऊ घालण्याचा प्रघात तर सर्रास चाले. परिणामी १९३१ ते १९६९ या कालखंडात तेथे दरसाल सरासरी ४८ माणसे अस्वलांकडून जखमी झाली. पुढे १९७० च्या सुमारास उकिरडे बंद करून आणि अन्न चारण्याच्या मनाईची सक्तीने अंमलबजावणी करून कारभाऱ्यांनी नवा बंदोबस्त केला, तेव्हा हे प्रमाण ओसरत ओसरत वर्षाकाठी एखाद्या घटनेवर आले.

शीतनिद्रेपूर्वी चरबी साठविण्यासाठी अस्वल शरद ऋतूत अखंड खात सुटते, त्याचे घ्राणेंद्रिय विलक्षण तीक्ष्ण असते, आणि जेथे एकदा आयते अन्न लाभले तेथे ते पुनःपुन्हा येते. म्हणून यलोस्टोनमधील दंडक असा, की अन्नच नव्हे, तर साबण, टूथपेस्ट यांसारख्या वासाच्या वस्तूही रात्री तंबूत ठेवू नयेत. या वस्तू अस्वलास न उघडणाऱ्या भक्कम डब्यात बंद कराव्यात, अथवा जमिनीपासून १० फूट उंच व खोडापासून ४ फूट दूर टांगाव्यात, आणि चूल व निजण्याची जागा यांत १०० यार्डांचे अंतर राखावे.

वाटचाल घोळक्याने व बोलत करावी, म्हणजे अस्वल दचकत नाही. ते समोर आलेच तर पळू नये, कारण धावण्यात ते मनुष्यास सहज हरविते. मिरचीच्या अर्काचा फवारा मात्र सदैव हाताशी असावा. दचकून अंगावर आलेल्या ग्रिझली अस्वलाचा स्पर्श झालाच, तर पालथे पडून, मान हातांनी झाकून निश्चल राहावे. परंतु काळ्या अस्वलाने हल्ला केला, किंवा कोणतेही अस्वल रात्री तंबूत शिरले, तर सर्व सामर्थ्यानिशी प्रतिकार करावा.

तिकडे मुक्कामास जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी लोणच्याची बरणी आणि मेतकुटाची पुडीही याच दंडकाखाली येते, हे ध्यानी ठेवावे. कारण माणसाच्या अन्नाची चटक लागून धीट झालेल्या अस्वलास पुष्कळदा ठार करावे लागते, आणि त्या मृत्यूची जबाबदारी शिदोरी उघडी टाकणाऱ्यावरच येते.