ऑक्टोबरच्या उन्हात गोधडी

मिरकरवाड्यासारख्या बंदरावर पावसाळाभर कपड्यांतली ओल जात नाही. त्यामुळे गोधडीला बसायचं ते नवरात्राच्या सुमारास. जुनी सुती लुगडी तेव्हाच्या कडक उन्हात खडखडीत वाळतात आणि थंडी पडेपर्यंत सवडही मिळते.

एक नववारी लुगडं सुमारे सव्वाआठ मीटर. दोनदा दुमडलं की दोन मीटर लांबीचे चार थर, म्हणजे एकाची हलकी गोधडी. कापड सुतीच हवं. नायलॉन सुईखाली सरकतं आणि घामही टिपत नाही.

टाका साधा धावदोरा. कडेपासून फेऱ्या घालत मध्याकडे यायचं. मात्र आधी सगळे थर लांब टाक्यांनी कच्चे टाचून घ्यावेत. हा कंटाळा केला की मधोमध फुगा येतो आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. दोन ओळींत बोटभर अंतर पुरे.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच कडेकडून आत शिवली जाते. तिच्या कोपऱ्यांना दुमडलेल्या रंगीत चिंध्यांची ‘फुलं’ लावतात. फार देखणी दिसतात ती. आपल्या गोधडीलाही जरूर लावून पाहावीत.