पोलादाची काळी कांती

मुळा-मुठेच्या काठचे मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आले. परंतु वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांच्या सान्निध्यात वाढलेल्या या गावाचा पिंड अद्याप शेतीचाच आहे, आणि जेथे शेती तेथे बिजागऱ्या, कड्या, खिळे, बोल्ट अशा किरकोळ लोखंडी जिनसांना पावसाळ्यात गंज चढणार हे ठरलेलेच.

पुण्याच्या कारखानदारीत यावर ‘ब्लॅकोडायझिंग’ करतात. कॉस्टिक सोडा व नायट्रेट-नायट्राइटचे क्षार यांच्या सुमारे १४० अंश तापलेल्या द्रावणात जिन्नस बुडविला की त्यावर काळा थर धरतो. हे द्रावण अंगावर उडाले तर कातडी व डोळे यांचा घात करते, सबब ते घरी करण्याचे काम नव्हे. घरचा मार्ग लोहाराच्या भट्टीतून आला आहे. त्याला अग्नी व तेल एवढे दोनच साहाय्यक पुरतात.

प्रथम जिन्नस पॉलिश पेपरने घासून, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा. मी पहिल्या खेपेस ही खबरदारी घेतली नाही, आणि माझ्या बोटांचे ठसे एका कडीवर कायमचे उमटून राहिले. मग शेगडीवर सावकाश तापविताना पोलाद जे रंग पालटते ते पाहणे हा या हुन्नराचा खरा आनंद आहे: सुमारे २२० अंशांवर गवती पिवळा, पुढे तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा, ३०० च्या सुमारास निळा, आणि त्यापुढे राखी छटा. ती दिसताच लांब सांडशीने जिन्नस लोखंडी डब्यातील जवसाच्या तेलात एकदम व पूर्ण बुडवावा. अर्धवट बुडविल्यास तेल पेट घेते, म्हणून झाकण हाताशी आणि काम उघड्या अंगणातच असावे. दोन-तीन आवर्तनांनी रंग गडद होतो.

हा काळेपणा मुख्यतः लोखंडाच्याच एका ऑक्साइडचा, मॅग्नेटाइटचा, आणि त्यावर भाजून बसलेल्या तेलाचा असतो. तांबडा गंज फुगून पापुद्र्यांनी सुटतो व खालचे लोखंड पुन्हा उघडे पाडतो. मॅग्नेटाइट मात्र पृष्ठाला घट्ट चिकटून राहतो. तरीही तो सूक्ष्म छिद्रांचा पातळ थर आहे. त्याने धरून ठेवलेले तेल हेच खरे संरक्षण. आपल्या घरचा लोखंडी तवा तेल लावून तापविण्याची रीतही याच जातीची, आणि म्हणूनच मला ही विद्या परकी वाटत नाही.

पाणी दिलेले कोयते, छाटणीच्या कात्र्या, स्प्रिंगा व बेअरिंगे यांच्या वाटेस मात्र जाऊ नये. एवढ्या उष्णतेने त्यांचा कडकपणा उतरतो. जस्ताचा मुलामा असलेली वस्तू तापविणे तर धुरामुळे अपायकारक आहे. बाकी जे काळे केले असेल, त्यावर मृग लागण्यापूर्वी तेलाचे फडके एकदा अवश्य फिरवावे.