खुर्चीच्या डाव्या बाजूला

मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. अशा पाण्यात माप घ्यायचं अल्जिनेट कालवलं तर ते रुग्णाच्या तोंडात जाण्याआधीच घट्ट होतं आणि कवळीचं माप बिघडतं. म्हणून दातांच्या दवाखान्यातली जाणती सहायक पाण्याची बाटली सकाळीच फ्रिजमध्ये ठेवते. रबराच्या वाटीत पूड आणि पाणी घालायचं, पात्याने वाटीच्या कडेला दाबत मिनिटभरात लगदा एकजीव करायचा. गुठळी राहता कामा नये. हे कसब पुस्तक वाचून मनगटात उतरत नाही.

डॉक्टर उजव्या हाताने काम करणारे असले की ते रुग्णाच्या उजवीकडे बसतात, सहायक डावीकडे. सक्शनची नळी दाढेजवळ हवी, पण टाळूच्या मागच्या भागाला लागली की रुग्णाला उमासा येतो. डॉक्टर ‘फोर सिक्स’ म्हणाले की खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ, हे तिला विचार न करता कळलं पाहिजे. दात भरायचं ग्लास आयोनोमर सिमेंट तिने चमक असेपर्यंत हातात द्यायचं, कारण चमक गेली की ते दाताला नीट चिकटत नाही.

माझ्या मते तिचं सर्वांत मोठं काम रुग्णाला दिसतच नाही. वापरलेली हत्यारं जाड हातमोजे घालून घासायची, कारण रक्त चिकटून राहिलं तर ऑटोक्लेव्हचा उपयोग नाही. मग पाकीटबंद करून 121 अंश सेल्सिअसच्या वाफेत, दाबाखाली, किमान 15 मिनिटं. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला नाही तर ती हत्यारं परत आत. एका रुग्णाची कावीळ दुसऱ्याला होऊ न देणं बहुतेक दवाखान्यांत तिच्याच हाती असतं.

हे काम तसं जुनं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे डॉ. एडमंड केल्स यांनी 1885 साली दवाखान्यात एक स्त्री सहायक नेमली. सोबतीला कुणी नसताना दंतवैद्याकडे जायला कचरणाऱ्या बायका त्यामुळे येऊ लागल्या. 1924 मध्ये ज्युलिएट साउदर्ड यांच्या पुढाकाराने अमेरिकेत सहायकांची संघटना झाली आणि 1948 मध्ये प्रमाणपत्र देणारं मंडळही. आपल्याकडचा दंतवैद्यक कायदाही 1948 चाच. त्यात दंतवैद्यांसोबत दात साफ करणाऱ्या हायजीनिस्टची आणि कवळ्या बनवणाऱ्या मेकॅनिकची नोंदवही आली. खुर्चीशेजारी दिवसभर उभी राहणारी सहायक मात्र त्यात नव्हती. मला ही उणीव फार मोठी वाटते.

 आपल्याकडे, तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीसारख्या गावातल्या बारावी झालेल्या मुलीला हे काम करायचं असेल तर नेहमीची वाट तुमसर, भंडारा किंवा नागपूरच्या खासगी दवाखान्यात शिकत शिकत काम करण्याची. देशातल्या काही दंत महाविद्यालयांत सहायकाचा अभ्यासक्रमही आहे. बारावी विज्ञान शाखेतून केली असेल तर हायजीनिस्ट किंवा मेकॅनिकची दोन वर्षांची पदविका करता येते, आणि तिच्यावर कायद्याने नोंदणी मिळते. झेपत असेल तर मी हीच वाट सुचवेन.

दवाखान्यात लागण्याआधी दोन गोष्टी विचाराव्या: हिपॅटायटिस-बीची लस आणि पगार. लसीचे तीन डोस, पहिल्यानंतर एका आणि सहा महिन्यांनी. ते आधीच सुरू झालेले बरे. सुईचं टोपण दोन हातांनी लावायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवायला सांगावं. अनुभवाचं पत्र तारखेसकट लेखी मागून घ्यावं, कारण पुढच्या ठिकाणी दाखवायला तेवढंच असतं.

आणि आपल्या भागात या कामाला आणखी एक बाजू आहे. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. सुपारीने गालाची आतली कातडी ताठरते, तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जाईनात तर डॉक्टरांना दाखवायला हवं. खुर्चीत बसलेला वीस वर्षांचा पोरगा डॉक्टरांसमोर ‘नाही खात’ म्हणतो. बाहेर नाव लिहून घेताना ‘दिवसातून किती पुड्या होतात रे दादा?’ असं सहायक ताईने विचारलं की खरा आकडा सांगतो. तो आकडा तिने केसपेपरवर लिहून आत पाठवायचा असतो.